वजाबाकीच्या रात्री

पहिल्या प्रात्यक्षिकाच्या रात्री आम्ही दुर्बिणीचं झाकण उघडलंच नाही.

आकाश स्वच्छ होतं, चंद्र मावळलेला, घुमटाची फट उघडी. आम्ही सहा जण आळीपाळीने मान वर करून त्या फटीतून दिसणारा अर्धा शर्मिष्ठा तारकासमूह बघत होतो. मॅडम कॅमेरा उणे २० अंशांपर्यंत थंड व्हायची वाट बघत होत्या. तो झाल्यावर म्हणाल्या, "झाकण राहू दे. आज अंधाराचे फोटो काढायचेत."

अंधाराच्याही जाती असतात हे त्या रात्री कळलं. पहिली जात 'बायस'. शून्य सेकंदांचं एक्सपोजर द्यायचं, म्हणजे कॅमेऱ्याने काही न बघता नुसतं स्वतःला वाचून दाखवायचं. तरी एकही पिक्सेल शून्य सांगत नाही, काही शेकड्यांतला आकडा सांगतो. आकडा चुकून ऋण होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक्सनेच ती रक्कम आधी घालून ठेवलेली असते. दुसरी जात 'डार्क'. झाकण लावलेलंच, पण एक्सपोजर ताऱ्याला देणार तेवढंच. सिलिकॉनमध्ये उष्णतेनेही इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्रकाशाने सुटलेल्या इलेक्ट्रॉनांपासून ते वेगळे ओळखता येत नाहीत. साधारण सहा-सात अंश तापमान वाढलं की असे इलेक्ट्रॉन दुप्पट होतात. कॅमेरा थंड ठेवायचा तो यासाठी. पहाटे दोनपर्यंत आम्ही अंधार मोजला. वहीत मी लिहिलं, "आज एकही तारा पाहिला नाही." मॅडमनी त्याखाली सही केली. शेरा काही नाही.

आमच्या अभ्यासक्रमाचे दोन भाग होते. ताऱ्यांची भौतिकी सकाळी, सरांकडे. निरीक्षणाची तंत्रं रात्री, मॅडमकडे. वेळापत्रकात दोन्ही एकाच विषयाखाली छापलेले होते, पण सकाळचा तारा आणि रात्रीचा तारा एकच आहे हे मला कितीतरी महिने पटत नव्हतं.

सकाळचा तारा म्हणजे नेमका गोल. फिरत नाही, डाग नाहीत, चुंबकत्व नाही. केंद्रापासूनचं अंतर सांगा, तिथलं सगळं सांगता येतं, आणि त्याला चार समीकरणं पुरतात. वस्तुमान आतून बाहेर कसं साठत जातं, गुरुत्वाकर्षणाला दाब कसा तोलून धरतो, ऊर्जा कुठे तयार होते, आणि ती बाहेर कशी येते. चौथं सगळ्यांत छळतं. ऊर्जा कधी प्रकाशाच्या रूपाने झिरपते, कधी वायूच ढवळून निघतो आणि तिला वर आणतो, आणि कुठे काय घडेल हे आपण ठरवायचं नसतं, समीकरणांमधून बाहेर यावं लागतं.

त्या सगळ्यात मला सर्वांत जास्त अडवलं ते एका साध्या वाक्याने. तारा ऊर्जा गमावतो तेव्हा तापतो. सरांनी दोन ओळींत सिद्ध करून फळा पुसला. मी वहीकडे बघत बसले. बाहेर ऊर्जा चाललीय, मग आतलं तापमान वाढेल कसं? तास संपल्यावर सरांना गाठलं.

"सर, यात चिन्हाची चूक असेल."

"तपास मग. आणि चिन्ह बरोबर निघालं, तर तुझा अंदाज तपास."

चिन्ह बरोबर होतं. ऊर्जा निसटली की तारा किंचित आकसतो. आकसताना गुरुत्वीय ऊर्जा मोकळी होते. तिच्यातली अर्धी प्रकाश होऊन निघून जाते आणि उरलेली अर्धी वायू तापवते. म्हणजे तारा गरम वस्तूसारखा वागतच नाही. खर्च करावा तितकी त्याची ऊब वाढते. नुसतं आकसून चमकायचं म्हटलं, तर सूर्याला हे काही कोटी वर्षं पुरलं असतं. केल्विन आणि हेल्महोल्ट्झ या शास्त्रज्ञांचा हिशोब तिथेच अडला होता, कारण पृथ्वीवरचे खडक त्याहून कितीतरी जुने निघत होते. अणुसंमीलन सुरू झालं की हे आकसणं थोपतं आणि तारा अब्जावधी वर्षं एका जागी उभा राहतो. हे समजायला मला एक दुपार लागली आणि अंगवळणी पडायला एक सत्र.

गृहपाठ म्हणून एक तारा बांधायचा होता. केंद्रातल्या दाबाचा आणि तापमानाचा अंदाज धरून समीकरणं सोडवत बाहेर यायचं. पृष्ठभागावर त्रिज्येचा आणि तेजाचा अंदाज धरून आत जायचं. मधे कुठेतरी दोन्ही वाटा जुळल्या पाहिजेत. माझ्या पहिल्या ताऱ्याचं तापमान अर्ध्या वाटेत ऋण झालं. दुसऱ्याचं वस्तुमान केंद्राला पोहोचण्याआधीच संपलं. जोडीदारणीचा तारा पहिल्याच आठवड्यात जुळला आणि तिने ते फार न बोलता मला जाणवून दिलं. माझ्या वाटा जुळल्या तिसऱ्या आठवड्यात, आणि केंद्राचं तापमान दीड कोटी केल्विनच्या थोडं खालीच आलं. मी चूक शोधायला लागले तर सर म्हणाले, "तुझा तारा नवजात आहे. आजच्या सूर्याने साडेचारशे कोटी वर्षं हायड्रोजन जाळलाय, त्याचं केंद्र दाटत आणि तापत आलंय." दीड कोटी केल्विन आणि पाण्याच्या दीडशेपट घनता, हे आजच्या सूर्याचे आकडे. नवजात ताऱ्याचे ते नसतातच. मी बरोबर उत्तरात चूक शोधत होते. पुढे याच्या बरोब्बर उलटंही केलं.

रात्रीचा तारा हा गोल नव्हता. तो होता पडद्यावरचा डाग, दहाबारा पिक्सेलांचा, कडेला विरत गेलेला आणि हवेच्या लहरींवर हलणारा. त्याच्यापर्यंत पोहोचायचं म्हणजे एकेक परत सोलायची. बायस वजा, डार्क वजा, मग 'फ्लॅट'ने भागायचं.

फ्लॅट म्हणजे एकसारख्या उजळ पृष्ठभागाचं चित्र. प्रत्येक पिक्सेल प्रकाशाला सारखा प्रतिसाद देत नाही. त्यात काचेवर धूळ असते आणि एकेक कण चित्रात मधे भोक असलेल्या चकतीसारखी सावली पाडतो. एकसारखा पृष्ठभाग म्हणून संधिप्रकाशातलं आकाश वापरायचं. ऐकायला निवांत वाटतं. प्रत्यक्षात ती झुंबड असते. आकाश फार उजळ असलं की पिक्सेल भरून वाहतात, फार काळोखलं की तारे उमटायला लागतात, आणि या दोहोंच्या मधे जेमतेम पाव तास. आकाश मिनिटागणिक मंदावत जातं, म्हणून दर चित्राला एक्सपोजर वाढवत न्यायचं. दुर्बीणही दर वेळी थोडी सरकवायची, म्हणजे चुकून आलेला तारा पुढे सगळ्या चित्रांचा मध्यक, म्हणजे मधला आकडा, काढताना गळून जातो. संध्याकाळी दहा मिनिटं उशीर झाला की रात्रभराची मोजमापं लंगडी. आम्हाला बहुतेक वेळा दहा मिनिटं उशीर व्हायचा.

नंतर आला वर्णपट, म्हणजे रंगारंगांत उलगडलेला प्रकाश. दुर्बिणीला छोटा वर्णपटमापक जोडला आणि अभिजित या ताऱ्याचा प्रकाश उलगडला. निऑनच्या दिव्याच्या रेषा आधी टिपून घ्यायच्या. त्यांच्या तरंगलांबी ठाऊक असतात, म्हणून कोणता पिक्सेल म्हणजे किती नॅनोमीटर हे ठरवता येतं. मग हायड्रोजनच्या रेषा पुस्तकात असाव्यात तशा उमटल्या. ६५६.३ ला, ४८६.१ ला, ४३४.० ला. त्याशिवाय तांबड्या टोकाला दोन काळे पट्टे होते, एक ६८७ च्या जवळ आणि दुसरा ७६० च्या. कोष्टक धुंडाळलं. ऑक्सिजन! जोडीदारणीने आणि मी अहवालात ठसठशीत लिहिलं की अभिजितच्या वातावरणात ऑक्सिजनचे रेणू सापडतात.

मॅडमनी अहवाल वाचला, परत दिला. "आता दुसऱ्या एखाद्या ताऱ्याचा घ्या."

तिथेही तेच पट्टे. "चंद्राचा घ्या." चंद्रातही. दहा हजार केल्विनच्या ताऱ्यावर रेणू शाबूत राहूच शकत नाही, एवढा विचारही आमच्या डोक्यात आला नव्हता. तो ऑक्सिजन आम्ही घुमटात उभं राहून श्वासात घेत होतो तोच होता. फ्राउनहोफरने दोनशे वर्षांपूर्वी सूर्याच्या वर्णपटातल्या ठळक रेषांना अक्षरं दिली. त्यातली पहिली दोन, ए आणि बी, हीच. दोन्ही आपल्या हवेची.

मॅडमनी मग शिक्षा म्हणून की काय, अभिजित मावळेपर्यंत दर अर्ध्या तासाने त्याचा वर्णपट घ्यायला लावला. तो प्रयोग मी कधी विसरणार नाही. तारा माथ्यावर असतो तेव्हा त्याचा प्रकाश हवेची एक जाडी ओलांडतो. क्षितिजापासून ३० अंशांवर आला की दोन जाड्या, आणखी खाली गेला की भराभर वाढतात. आमचे दोन पट्टे तासातासाला गडद होत गेले आणि हायड्रोजनच्या रेषा होत्या तशाच राहिल्या. ताऱ्याचं काय आणि हवेचं काय, हे तारा मावळता मावळता स्वतःच सांगून गेला.

नेमक्या त्याच आठवड्यात सकाळी सर साहा समीकरण शिकवत होते. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये दाखवलं की ठरावीक तापमानाला आणि दाबाला एखाद्या मूलद्रव्याचे किती अणू आयनीभूत, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले, असतील हे काढता येतं. त्यातून रेषांचा अर्थच बदलला. दहा हजार केल्विनच्या आसपास हायड्रोजनच्या या रेषा सर्वांत ठळक. सूर्यासारख्या थंड ताऱ्यात त्या फिक्या, कारण योग्य ऊर्जापातळीवर असलेले अणू फार थोडे. खूप तप्त ताऱ्यात पुन्हा फिक्या, कारण अणूंचा इलेक्ट्रॉनच निघून गेलेला. रेष ठळक म्हणजे मूलद्रव्य जास्त, हा सरळ हिशोब खोटा. सिसिलिया पेन यांनी साहांचं गणित घेऊन ताऱ्यांतल्या मूलद्रव्यांची प्रमाणं काढली, तर हायड्रोजन इतर सगळ्यांच्या मानाने अफाट निघाला. तेव्हाची समजूत होती की तारे घडणीने पृथ्वीसारखेच असतील. हेन्री नॉरिस रसेल या मोठ्या तज्ज्ञाला निष्कर्ष पटला नाही आणि १९२५ च्या प्रबंधात पेन यांनी आपलाच आकडा बहुधा खरा नसावा असं लिहून टाकलं. चार वर्षांनी रसेल वेगळ्या वाटेने त्याच आकड्याशी पोहोचले.

सरांनी हे जाता जाता सांगितलं आणि पुढच्या समीकरणाकडे वळले. मी मात्र तिथेच अडकले. आम्ही ताऱ्याचं नसलेलं ताऱ्याच्या नावावर लिहिलं होतं. पेन यांना ताऱ्याचं असलेलंच वजा करावं लागलं होतं. वजाबाकी कुठे थांबवायची, हे आम्हाला कुठल्याच तासाला शिकवलेलं नव्हतं.

मधे एकदा सरांनी गाया उपग्रहाची माहिती हातात ठेवली आणि एम ६७ या तारकागुच्छाचा रंग-तेज आलेख काढायला सांगितला. कर्क राशीतला हा गुच्छ साधारण सूर्याच्याच वयाचा. २०१३ च्या अखेरीस उडालेल्या त्या उपग्रहाने १८० कोटींहून जास्त ताऱ्यांची नोंद केलीय. एकत्र सरकणारे तारे वेगळे काढले की मुख्य मालिका, म्हणजे केंद्रात हायड्रोजन जाळणाऱ्या ताऱ्यांची पट्टी, आपोआप उभी राहते, आणि ती जिथे वळते तिथून वय वाचायचं. एका दुपारचं काम. आलेख सुरेख आला, पण खरं सांगायचं तर मजा आली नाही. सगळी धूळ आधीच कुणीतरी पुसून ठेवलेली होती.

वर्षाअखेरच्या प्रकल्पासाठी आम्ही शर्मिष्ठेतला आरझेड हा तारा घेतला. ही एकमेकांना ग्रहण लावणाऱ्या दोन ताऱ्यांची जोडी. ययाती तारकासमूहातला अलगूल हा या जातीतला सर्वांत प्रसिद्ध. ऐकू न येणाऱ्या अठरा वर्षांच्या जॉन गुडरिकने १७८३ मध्ये नुसत्या डोळ्यांच्या नोंदींवरून सुचवलं होतं की कुणीतरी त्याच्यासमोरून जात असावं. आमचा आरझेड १.१९५ दिवसांनी फेरी पूर्ण करतो. एरवी ६.२ प्रतीचा (प्रत हे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा मंद), ग्रहणात ७.७ पर्यंत उतरतो, म्हणजे जवळपास चौपट मंद. पाच प्रती म्हणजे शंभरपट, हे पॉगसनने १८५६ मध्ये बसवलेलं माप. ग्रहण सुरू होऊन सुटायला पाचेक तास, एका रात्रीत मावतं. शिवाय पाच फेऱ्यांना सहा दिवसांहून ३४ मिनिटं कमी लागतात. म्हणजे एखादं हुकलं तर सहा दिवसांनी, अर्धा तास आधी, दुसरी संधी.

जोडी निवडण्यामागे सकाळचं कारणही होतं. जड तारा इंधन उधळतो आणि लवकर म्हातारा होतो, हे सरांनी आमच्या डोक्यात पक्कं ठसवलेलं. आरझेडमध्ये जड तारा, सूर्याच्या दुपटीहून थोडा जास्त, अजून तारुण्यात आहे, आणि सूर्याहून हलका असलेला त्याचा साथी फुगून म्हातारा झालाय. उलटं कसं? कारण आज हलका दिसतो तो एके काळी जड होता. तो फुगला आणि त्याचं वस्तुमान साथीदाराकडे ओसंडून गेलं. असं देणंघेणं चालू असलं की फेरीचा काळही सूक्ष्म प्रमाणात बदलतो. ग्रहणाचा मध्य नेमका केव्हा आला हे मोजायचं आणि भाकिताशी ताडून बघायचं, एवढाच आमचा प्रकल्प.

पहिल्या रात्री ताऱ्याने पापणीही हलवली नाही. सहा तास मोजला, सरळ रेषा. सकाळी कारण सापडलं. भाकितं ज्युलियन दिनांकात, म्हणजे सलग मोजत नेलेल्या दिवसांच्या आकड्यात, दिलेली असतात आणि तो दिनांक ग्रीनिचच्या दुपारी बारा वाजता बदलतो. दशांशचिन्हापुढे ५ म्हणजे मध्यरात्र. आम्ही ती दुपार धरली होती. बारा तासांची चूक. आमचं ग्रहण दिवसाउजेडी होऊन गेलेलं. दुपारी तारीख बदलण्यामागचं कारण इतकं सोयीचं आहे की रागही येत नाही. निरीक्षकाची रात्र मधोमध तुटू नये म्हणून. मॅडम हसल्या नाहीत. "ही सरळ रेषा जपून ठेवा," म्हणाल्या. "काही घडत नसताना तुमचे आकडे किती डुगडुगतात, ते यातूनच कळणार." डुगडुगत होते ०.०२ प्रतीने. तो आकडा पुढे फार कामाला आला.

दुसऱ्या वेळी ढग. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तिसरी रात्र नोव्हेंबरच्या अखेरची. आरझेड आमच्या कॅमेऱ्याला खरं तर फार तेजस्वी. नीट फोकस केला तर प्रकाश मूठभर पिक्सेलांत कोंबला जातो आणि ते ६५,५३५ वर जाऊन थिजतात, त्यापुढे मोजताच येत नाही. एक्सपोजर अगदी लहान केलं तर हवेच्या थरथरीने आकडे नाचतात. म्हणून फोकस मुद्दाम बिघडवायचा, ताऱ्याची चकती होऊ द्यायची. वर्षभर सुबक फोकससाठी बोलणी खाल्ल्यावर तो हाताने बिघडवताना कससंच झालं. त्याच चौकटीत एक तुलनेचा तारा आणि एक पडताळणीचा तारा धरायचा. आरझेडचं तेज तुलनेच्या ताऱ्याच्या मानाने काढायचं, म्हणजे विरळ ढग किंवा हवेतली धूळ दोघांनाही सारखीच मंद करते. आणि तुलनेचाच तारा बदलत नाहीये ना, हे तिसऱ्याकडून पडताळायचं.

आठच्या सुमारास आकडे उतरायला लागले. डोळ्यांना वर काहीही फरक दिसत नव्हता. पडद्यावर मात्र एकेक ठिपका आधीच्याहून खाली पडत होता आणि आम्ही दोघी कुजबुजत होतो, जणू मोठ्याने बोललं तर ग्रहण थांबेल. दहाच्या पुढे तारा मध्यमंडलाशी, म्हणजे माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेशी, आला. आमच्या बैठकीची दुर्बीण तिथून पुढे तशीच गेली तर खांबाला आपटते, म्हणून तिला उलटी फिरवून पलीकडच्या बाजूला आणावं लागतं. ग्रहणाचा तळ पाऊण तासावर आलेला. सहा मिनिटं गेली. परत तारा सापडला, चित्र आता १८० अंशांनी फिरलेलं, मोजणी सुरू झाली, आणि आलेखात मधोमध एक पायरी दिसली. ०.०४ प्रतीची.

ताऱ्यात पायरी असू शकत नाही, एवढं आम्हाला आता कळत होतं. चित्र फिरल्यामुळे आरझेड कॅमेऱ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात गेला होता, थेट एका धुळीच्या सावलीत. संध्याकाळी उशीर झाल्यामुळे आम्ही गेल्या आठवड्याचे फ्लॅट वापरणार होतो. धूळ मधल्या आठवड्यात जागा बदलून बसली होती.

घुमट सांभाळणारे काका दोन वाजता कुलूप घेऊन आले. "काका, पहाटेपर्यंत राहू द्या. कॅमेऱ्याला कुणी हात लावायला नको." ते काही न बोलता खुर्चीवर बसले आणि बसल्या बसल्या झोपले. पहाटे आकाश राखाडी व्हायला लागलं तेव्हा फ्लॅट घेतले. या वेळी उलट क्रमाने, दर चित्राला एक्सपोजर कमी करत, पिक्सेल भरून वाहायला लागेपर्यंत. त्या फ्लॅटनी भागल्यावर पायरी विरघळली.

मग आलेखावर आडव्या रेषा मारायच्या, उतरत्या आणि चढत्या बाजूंना त्या जिथे छेदतात त्यांचे मध्यबिंदू काढायचे. सगळे मध्यबिंदू एका उभ्या रेषेवर आले. ग्रहणाचा मध्य भाकितापेक्षा पाच मिनिटं आधी. आमची चूक दीड मिनिट धरली तरी पाच म्हणजे पाच. ज्युलियन दिनांक तीनदा तपासला. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवलेलं होतं. फेरीचा काळ बदलला होता! मी दोन पानं लिहिली, वस्तुमान कुणाकडून कुणाकडे वाहतंय त्याच्या आकृतीसकट. सकाळचा तारा आणि रात्रीचा तारा अखेर भेटले होते.

मॅडमनी दोन्ही पानं शेवटपर्यंत वाचली. मधे न थांबता, म्हणून मला वाटलं जमलं.

"घड्याळ कुठे होतं?"

"इथेच. घुमटात."

"आणि भाकितवाल्यांचं?"

मला प्रश्नच कळला नाही. जोडीदारणीला कळला, तिने डोळे मिटून घेतले. भाकितं सूर्याच्या केंद्रावरून बघितल्यासारखी दिलेली असतात, कारण पृथ्वी वर्षभर कधी ताऱ्याच्या थोडी जवळ, कधी थोडी लांब असते. सूर्यापासून पृथ्वीपर्यंत प्रकाशाला ८ मिनिटं १९ सेकंद लागतात. तारा क्रांतिवृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीत, असता तर फरक तेवढा पडला असता. आरझेड त्याच्या वर ५० अंशांवर आहे, म्हणून जास्तीत जास्त सव्वापाच मिनिटं. आणि नोव्हेंबरच्या अखेरीला पृथ्वी नेमकी त्याच्या बाजूला असते. ग्रहणाची बातमी सूर्यापेक्षा आम्हाला सव्वापाच मिनिटं आधी मिळाली होती. १६७६ मध्ये रोमरने गुरूच्या आयो या चंद्राच्या ग्रहणांचं वेळापत्रक असंच पुढेमागे होताना पाहिलं आणि त्यातून प्रकाशाला वेग असतो हे ओळखलं. आम्ही तीच गोष्ट मोजली होती आणि तिला वस्तुमानाचा प्रवाह असं नाव दिलं होतं.

दुरुस्ती केल्यावर उरलं पाव मिनिट. चूक दीड मिनिटाची. म्हणजे काहीच उरलं नाही.

मी दोन पानांवर काट मारली. ते करताना पेन यांच्या प्रबंधातलं वाक्य डोक्यात घोळत होतं, म्हणून धीर करून विचारलं, "मॅडम, वजा करत करत खरं तेच वजा केलं तर कळणार कसं?"

"एका ग्रहणावरून नाही कळणार," त्या म्हणाल्या आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघून बोटं मोजायला लागल्या. "पुढचं कधी आहे?"

सहा दिवसांनी, ३४ मिनिटं आधी. त्या संध्याकाळी आम्ही सूर्य मावळायच्या आतच घुमटात पोहोचलो. काकांनी एकदा आमच्याकडे आणि एकदा घड्याळाकडे बघितलं. झाकण उघडलं तेव्हा आकाश अजून निळंच होतं, फ्लॅटसाठी फार उजळ. आम्ही थांबलो.